भांडार कोणाचे?

गेल्या महिन्यातील एका शनिवारी संध्याकाळी मी पहाडगंजमधील आमच्या सहकारी भांडारात तूरडाळीच्या रांगेत उभा होतो. बरोबर आमच्या खात्यात नुकताच रुजू झालेला एक तरुण अधिकारी होता. नवी दिल्ली स्थानकावर एका पाहुण्यांना उतरवून घ्यायचे होते आणि गाडीला दीड तास उशीर होता. म्हणून त्याला म्हटले, चल, तोवर माझे महिन्याचे सामान घेऊन टाकू.

मेन बाजारातील परदेशी पाहुण्यांची हॉटेले, चामड्याच्या पिशव्यांची दुकाने आणि ई-रिक्षांची कोंडी मागे टाकून डावीकडच्या गल्लीत शिरले की हे भांडार लागते. फार तर दहा फूट रुंद आणि पंचवीस फूट लांब अशी खोली. पुढे लाकडी फळी, तिच्यामागे खारी बावलीतून आणलेली पोती, भिंतीवर खडूने भाव लिहिलेला काळा फळा, आणि खिळ्याला सुतळीने टांगलेली मागणी-वही. आत सहा माणसे नीट उभी राहू शकतात. शनिवारी वीस असतात. साखरेकडे जायचे तर डाळीच्या रांगेतील माणसाने पोट आत घ्यावे लागते.

माझ्या पुढे एक बाई चणाडाळ तोलून घेत होत्या. त्यांनी विक्रेत्याला थांबवले आणि काट्याकडे बोट दाखवले. तागडीत काही नसताना काटा पंधरा ग्रॅम दाखवत होता. विक्रेत्याने काटा शून्यावर आणला, आधी तोललेली साखर पिशवीतून परत काढली आणि पुन्हा तोलली. कोणी आवाज चढवला नाही, कोणी माफीही मागितली नाही. बाईंनी पासबुक पुढे केले, त्यात रक्कम नोंदवली गेली आणि रांग पुढे सरकली.

बाहेर आल्यावर तो तरुण म्हणाला, "सर, रागावू नका, पण हे भांडार अजून बंद कसे झाले नाही? हेच सामान मोबाईलवरून दहा मिनिटांत घरी येते. तुम्ही पाऊण तास घामाघूम होऊन वाचवलेत किती? साठ रुपये?"

प्रश्न उद्धट नव्हता, प्रामाणिक होता. त्या वेळी मी हसून विषय बदलला. पण त्याच आठवड्यात भांडाराच्या कार्यकारी समितीचे तीन सदस्य घरी आले आणि तोच प्रश्न दुसऱ्या दाराने आत आला. तीन वर्षांत विक्री जवळजवळ एक तृतीयांशाने घटली आहे. सभासदांची पुढची पिढी फोनवरून सामान मागवते. घरमालकाला भाडे वाढवून हवे आहे. येत्या वार्षिक सभेपुढे दोन प्रस्ताव आहेत. पहिला, जागेचा पुढचा अर्धा भाग घरपोच माल पोहोचवणाऱ्या एका कंपनीला गोदामासाठी द्यावा. दुसरा, सरकारकडून भागभांडवल मिळवावे आणि कार्यालयांना माल पुरवण्याचे काम पदरात पाडून घ्यावे. हा दुसरा प्रस्ताव त्यांनी माझ्या भरवशावर मांडला होता. "आप तो मिनिस्ट्री में हैं," असे म्हणून त्यांनी अर्जाचा मसुदाही आणला होता.

मी नाही म्हणालो. मंडळी चहा न घेता गेली. आता गल्लीत अशी समजूत आहे की साहेबांना आपल्याच भांडारासाठी शब्द टाकण्याचा कंटाळा आला. पदाचा असा उपयोग करणे नियमात बसत नाही, हे एक कारण होतेच. पण ते मुख्य कारण नाही. मुख्य कारण हे की, माझ्या मते सरकारी भांडवल हे या भांडाराला दिलेले औषध नसून विष आहे, आणि हे मी तीस वर्षे त्याच औषधालयात नोकरी करून म्हणतो आहे.

मूळ कल्पना काय होती?

ग्राहक सहकाराचा आरंभ इंग्लंडमधील रॉचडेल या गिरण्यांच्या गावी झाला असे मानतात. २१ डिसेंबर १८४४ रोजी अठ्ठावीस पौंडांच्या भांडवलावर तेथे एक दुकान उघडले. त्यात लोणी, साखर, पीठ, ओटचे भरड आणि मेणबत्त्या, एवढाच माल होता. त्या काळी कामगारांना उधारीवर माल देणारे दुकानदार पिठात तुरटी आणि खडूची भुकटी मिसळत. उधारीत अडकलेला माणूस तक्रार करू शकत नसे. रॉचडेलच्या मंडळींनी यावर तोडगा काढला तो साधा होता. माल शुद्ध, माप पुरे, व्यवहार रोखीचा. प्रत्येक सभासदाला एक मत, मग त्याचे भाग कितीही असोत. आणि वर्षाअखेरीस जो नफा उरेल तो भागांच्या प्रमाणात न वाटता खरेदीच्या प्रमाणात वाटायचा.

हे शेवटचे कलम वाचताना किरकोळ वाटते, पण सारा डोलारा त्यावर उभा आहे. एक हिशेब करून पाहू. समजा एका कुटुंबाचा पाचशे रुपयांचा भाग आहे आणि ते महिन्याला पाच हजारांचे, म्हणजे वर्षाला साठ हजारांचे सामान घेते. भागावर दहा टक्के लाभांश दिला तर त्यांना पन्नास रुपये मिळतील. खरेदीवर दोन टक्के परतावा दिला तर बाराशे मिळतील. पहिल्या पद्धतीत दुकान भाग घेऊन ठेवणाऱ्याचे असते, दुसऱ्या पद्धतीत ते रांगेत उभे राहणाऱ्याचे असते. आता कल्पना करा की भागभांडवलाचा मोठा हिस्सा अशा एका भागधारकाचा आहे, ज्याने त्या दुकानातून आयुष्यात शंभर ग्रॅम मोहरीसुद्धा विकत घेतलेली नाही. त्या भागधारकाचे नाव सरकार.

आपल्याकडे १९०४ चा कायदा केवळ पतपुरवठा करणाऱ्या संस्थांसाठी होता. इतर प्रकारच्या संस्थांना त्यात जागा मिळाली ती १९१२ च्या कायद्याने. तरीही मद्रासच्या ट्रिप्लिकेन भागात काही सुशिक्षितांनी १९०४ मध्येच एक ग्राहक संस्था सुरू केली होती. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले तेव्हा अशी भांडारे गावोगाव उगवली, कारण नियंत्रित धान्य वाटण्याचे काम त्यांना मिळाले. नियंत्रणे उठली तशी त्यांतील पुष्कळशी बंद पडली. हा पहिला धडा होता: जी रांग धान्यासाठी लागते ती संस्थेसाठी लागलेली नसते. तो आपण शिकलो नाही.

गाडगीळांचे काय झाले?

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून ज्यांच्याविषयी मला सर्वाधिक आदर आहे ते धनंजयराव गाडगीळ १९५४ च्या ग्रामीण पतपाहणी समितीचे सदस्य होते. गोरवाला हे तिचे अध्यक्ष. सहकारी संस्थांत सरकारने भागीदार व्हावे, ही शिफारस या समितीची. सावकार आणि व्यापारी यांच्यापुढे दुबळ्यांची संस्था एकटी टिकणार नाही, म्हणून सरकारने आपले वजन तिच्या पारड्यात टाकावे, आणि संस्था सबळ झाली की प्राथमिक पातळीवर आपले भाग क्रमाने सभासदांना देऊन बाजूला व्हावे, असा तो विचार होता. तो पतपुरवठ्यापुरता होता, त्या काळापुरता होता, आणि त्यात माघारीची तरतूद होती.

प्रशासनाने यातले 'भागीदार व्हावे' एवढेच वाचले. माघारीचे कलम फायलीतून कधी गळाले ते कोणालाच कळले नाही. हा आमच्या जातीचा दोष आहे. एखादी योजना सुरू करण्यासाठी आम्ही वीस पानी टिपण लिहितो, ती संपवण्यासाठी अर्धे पान लिहिण्याचीही आम्हाला सवय नाही.

१९६२ च्या चिनी आक्रमणानंतर भाववाढीच्या धास्तीने केंद्राने ग्राहक भांडारांची योजना हाती घेतली. १९६३ मध्ये केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी केंद्रीय भांडार स्थापन झाले, १९६५ मध्ये राष्ट्रीय पातळीवरचा महासंघ आला. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि पुढच्याच महिन्यात कनॉट प्लेसला सुपर बाजार उघडला. पहाडगंजपासून ते अंतर पायी पंचवीस मिनिटांचे. दिल्लीत ज्यांचे बालपण गेले त्यांना तो सुपर बाजार आठवत असेल. डाळीपासून कापडापर्यंत आणि औषधांपासून वह्यांपर्यंत सारे एका छताखाली रास्त भावात मिळण्याची दिल्लीकरांना ती पहिली ओळख होती. नावाने ती सहकारी संस्था होती. पण तिचे वरिष्ठ अधिकारी प्रतिनियुक्तीवर येत आणि मुदत संपली की जात. २००२ मध्ये ती अवसायनात काढण्याचा आदेश निघाला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, २००९ मध्ये एका खासगी कंपनीमार्फत पुनरुज्जीवनाचा प्रयत्नही झाला, पण ती जुनी गर्दी परत आली नाही.

मला विचाराल तर त्या गोष्टीत एकच प्रश्न महत्त्वाचा आहे. सुपर बाजार बंद होताना कर्मचारी रस्त्यावर आले, वकील न्यायालयात गेले, वृत्तपत्रांत अग्रलेख आले. पण 'आमचे दुकान बंद करू नका' असे म्हणत सभासद किती आले? हजारो लोक तेथे वर्षानुवर्षे खरेदी करत होते आणि त्यांतील कोणाला ते दुकान आपले वाटत नव्हते. त्यांना ते सरकारचे वाटत होते. आणि सरकारची वस्तू मोडली तर आपल्याकडे कोणी रडत नाही.

माझी स्वतःची फाईल

दुसऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचे सांगतो. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी अन्यत्र नियुक्तीवर असताना एका छोट्या ग्राहक संस्थेच्या पाहणीचे काम माझ्याकडे आले. दुकान असेच कोंदट होते, असेच गर्दीचे होते. मी टिपणात लिहिले की जागा अपुरी आहे, मालाची मांडणी अशास्त्रीय आहे, व्यवस्थापक अप्रशिक्षित आहे. सबब शासकीय भागभांडवल द्यावे, नवी इमारत द्यावी आणि प्रशिक्षित अधिकारी प्रतिनियुक्तीवर पाठवावा. टिपण सुरेख होते. वरिष्ठांनी त्यावर प्रशंसेचा शेरा मारला होता.

सारे काही मंजूर झाले. नव्या इमारतीत काचेची दालने आली. व्यवस्थापक, जो गावातलाच एक निवृत्त शिक्षक होता आणि सकाळी सातला बाजारसमितीत जाऊन स्वतः धान्य चाखून घेत असे, तो बाजूला झाला. आलेल्या अधिकाऱ्याला धान्य चाखता येत नव्हते आणि चाखण्याची गरजही नव्हती, कारण तीन दरपत्रके मागवून सर्वांत कमी भावाचा माल घेतला की त्याच्यावर कोणताही आक्षेप येणार नव्हता. सर्वांत कमी भावाच्या डाळीत खडे निघू लागले. मग सभासद कमी झाले, विक्री घटली, आणि घटलेली विक्री भरून काढण्यासाठी संस्थेला कार्यालयांना स्टेशनरी पुरवण्याचे काम देण्यात आले. पाच वर्षांनी मी त्या गावी गेलो तेव्हा इमारत होती, फलक होता, कागदांचे गठ्ठे होते. डाळ नव्हती.

त्या शिक्षकाला मी शोधून काढले नाही. काय बोलणार होतो? माझ्या टिपणातील एकही वाक्य खोटे नव्हते. जागा अपुरी होतीच. मला एवढेच समजले नव्हते की ती गर्दी हा त्या संस्थेचा दोष नसून तिचे लेखापरीक्षण होते.

पहाडगंजच्या त्या बाईंनी काट्यावरचे पंधरा ग्रॅम पकडले ते याच अर्थाने. वैधमापन निरीक्षक वर्षातून एकदा येऊन शिक्का मारतो. शनिवारच्या रांगेतली वीस माणसे दर आठवड्याला येतात, आणि त्यांचे स्वतःचे पैसे तागडीत असतात. आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये मांडलेला विचार येथे उपयोगी पडतो. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन मार्ग असतात, सोडून जाणे किंवा बोलणे. बाजार सोडून जाण्यावर चालतो. लोकशाही बोलण्यावर चालते. सहकारी भांडार ही अशी दुर्मीळ जागा आहे की जिथे डाळ घेणाऱ्याला दोन्ही हक्क आहेत. सरकारी भागीदार आला की बोलण्याचा हक्क जातो आणि उरतो फक्त सोडून जाण्याचा.

कार्यालयीन पुरवठ्याचा मोह

समितीच्या अर्जातील दुसरी मागणी, म्हणजे कार्यालयांना माल पुरवण्याचे काम, ही पहिलीहून धोकादायक आहे. याचीही परंपरा आहे. जुलै २००७ च्या एका आदेशाने केंद्रीय कार्यालयांना केंद्रीय भांडार आणि राष्ट्रीय महासंघ यांच्याकडून एक लाख रुपयांपर्यंतची कार्यालयीन खरेदी दरपत्रके न मागवता करण्याची मुभा दिली होती. हेतू सहकाराला हात देण्याचा होता. ही सवलत मुदतवाढ घेत घेत काही वर्षे चालली. पुढे २०१६ पासून सरकारी खरेदीचे संगणकीय दालन आले आणि चित्र पालटले.

अशा सवलतीचे अर्थशास्त्र पाहा. ज्या दुकानाला एका सहीवर लाखाची मागणी मिळते, त्याने पाव किलो जिऱ्यासाठी वही उघडून का बसावे? त्याचा खरा ग्राहक आता रांगेतली बाई नसून खरेदी शाखेतला अधीक्षक असतो. आणि अधीक्षकाला काटा शून्यावर आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसते, कारण पैसे त्याचे नसतात. सहकारी फलकाखाली आडत्याचे दुकान उभे राहण्यास यापेक्षा अनुकूल हवामान कोणते?

छापील किमतीचीही तीच गत आहे. पाकिटावर कमाल किमतीवर अमुक टक्के सूट, अशी जाहिरात आज सर्वच भांडारे करतात. पण ती कमाल किंमत छापतो कोण? उत्पादकच. त्याने किंमत आधीच चढवून छापली तर सूट देणे हा कागदी खेळ होतो. मूळ सहकारी पद्धतीत भाव खालून वर मोजला जाई: माल एवढ्याला आणला, हमाली एवढी, भाडे एवढे, नासाडी एवढी, म्हणून भाव एवढा. आमच्या काळ्या फळ्यावर अजूनही खरेदीचा भाव आणि विक्रीचा भाव शेजारी शेजारी लिहितात. दहा मिनिटांत माल आणणाऱ्या एखाद्या कंपनीने हे करून दाखवावे.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप शुद्धतेचा. सुटा माल असुरक्षित असतो, असे म्हणतात, आणि दिल्लीला हे सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये पिवळ्या धोत्र्याच्या तेलाची भेसळ असलेल्या मोहरीच्या तेलाने दिल्लीत सुमारे साठ जणांचे प्राण गेले आणि हजारो आजारी पडले. त्यानंतर सुट्या तेलावर बंदी आली. ती योग्यच होती. पण भेसळ सुटेपणामुळे झाली नव्हती. विकणारा कोण आणि त्याने माल कोठून आणला, हे विचारण्याचा अधिकार घेणाऱ्याला नव्हता, म्हणून ती पचली. आमच्या भांडारात तेल बंद डब्यातच मिळते. डाळ सुटी मिळते, आणि ती कोणत्या आडत्याकडून आली हे वहीत लिहिलेले असते.

दुसरा आक्षेप मराठी वाचकांकडून हमखास येईल. सहकाराचे गोडवे आम्हाला सांगू नका, आम्ही कारखाने आणि बँका पाहिल्या आहेत, सहकाराचा स्वाहाकार कसा होतो ते पाहिले आहे. मान्य. पण स्वाहाकार कोठे होतो ते नीट पाहा. जेथे शेतकऱ्याचा ऊस, पाणी आणि कर्ज या तिन्ही नाड्या एकाच हातात येतात, आणि ऊस तोडल्यावर त्याला थांबता येत नाही, तेथे सभासद कैदी होतो आणि अध्यक्ष राजा होतो. किराणा दुकानाचा सभासद कैदी नसतो, शेजारी दुसरे दुकान असते. म्हणूनच राजकारण्यांना या दुकानांत फारसा रस नव्हता. ही दुकाने आम्ही अधिकाऱ्यांनी बुडवली, आणि तीही चांगल्या हेतूने.

तिसरा आक्षेप असा की, संकटकाळी सरकारला अशी भांडारे लागतातच. खरे आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो भडकले तेव्हा राष्ट्रीय महासंघाच्या गाड्यांनी दिल्लीत नव्वद रुपये किलोने टोमॅटो विकले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये 'भारत' नावाचा आटा साडेसत्तावीस रुपये किलोने आला. लोकांनी रांगा लावल्या. या कामाला माझा विरोध नाही. पण तो अग्निशमन दलाचा बंब आहे. आग लागली की बंब बोलवावा, रोजचे पिण्याचे पाणी त्यातून भरू नये. अनुदानाची रांग आणि सभासदांची रांग दुरून सारखी दिसते. अनुदान संपल्यावर जी उरते ती खरी.

चौथा आक्षेप त्या तरुण मित्राचा: वेळ कोणाला आहे? हा सर्वांत प्रामाणिक आक्षेप आहे आणि त्याला मी खोटे ठरवू शकत नाही. रात्री नऊला घरी पोचणाऱ्या नवरा-बायकोला मी रांगेत उभे राहा असे सांगणार नाही. पण वेळेवर उपाय सरकारी भांडवल हा नाही आणि कंपनीचे गोदाम हाही नाही. उपाय इतरांनी शोधलेले आहेत. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून दुकानच न काढता चालली आहे. शेजारपाजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल एका घरी उतरवायचा आणि पाळीपाळीने वाटप करायचे. तोक्योतील सेइकात्सु क्लब १९६५ मध्ये गृहिणींनी एकत्र दूध विकत घेण्यापासून सुरू झाला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९७३ मध्ये सुरू झालेल्या पार्क स्लोप भांडारात सभासदाला ठरावीक तास स्वतः काम करावे लागते. तीन देश, तीन पद्धती, पण एक गोष्ट समान: श्रम आणि पैसा सभासदांचा.

आणि बाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना हे नवे नाही. बंगळूरूत असा, मस्कतमध्ये असा की न्यू जर्सीत, चार घरांनी मिळून ज्वारीचे पीठ, जाडे पोहे आणि गोडा मसाला मागवला नाही असे मराठी मंडळ मला दाखवा. आमच्या पहाडगंजच्या भांडारात ज्वारीचे पीठ आले ते असेच. येथे नूतन मराठी शाळा आहे, तिच्या ओढीने या भागात मराठी कुटुंबे येत-जात राहिली. सहा कुटुंबांनी मागणी-वहीत लिहिले, महिन्याचे पैसे आगाऊ भरले, आणि पंजाबी विक्रेत्याने न कुरकुरता पीठ आणवले. गेल्या आषाढीला साबुदाणा दोन दिवसांत संपला, तेव्हा तोच मला म्हणाला, पुढच्या वर्षी आधी सांगत चला.

मग करावे काय?

सरकारने काय करावे, हे नवे सांगण्याची गरज नाही. दिल्लीचे पहिले मुख्यमंत्री चौधरी ब्रह्मप्रकाश यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९१ मध्येच सहकारी संस्थांना सरकारी पकडीतून सोडवणाऱ्या आदर्श कायद्याचा मसुदा दिला होता. १९९५ मध्ये आंध्र प्रदेशाने सरकारी भांडवल न घेणाऱ्या संस्थांसाठी वेगळा कायदा केला. २०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापण्याचा हक्क मूलभूत हक्कांत आणला. २०२१ मध्ये केंद्रात सहकाराचे स्वतंत्र मंत्रालय झाले. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून साजरे केले. कायदे, हक्क, मंत्रालय आणि वर्ष, सारे झाले. उरले ते असे:

१. ग्राहक संस्थांतील प्रत्येक सरकारी भागाला परतीची तारीख असावी, आणि तोवर त्या भागांवर मताधिकार नसावा.

२. प्रतिनियुक्तीवरील अधिकारी पाठवणे थांबवावे. संस्थेला हिशेबनीस हवा असेल तर तिने तो नेमावा, आणि तो नको असेल तर तिनेच काढावा.

३. विनास्पर्धा मागणीची सवलत पुन्हा कोणत्याही रूपाने देऊ नये.

४. द्यायचेच असेल तर जागा द्यावी. सरकारी वसाहतींत आणि स्थानिक बाजारांत अशा संस्थांसाठी रास्त भाड्याचे गाळे राखून ठेवावेत, कारण शहरात छोट्या भांडाराला मारते ते भाडे.

आणि सभासदांनी? आमच्या समितीला मी उलटा प्रस्ताव पाठवला आहे. प्रत्येक सभासदाने पाच वर्षे न वाढवलेला भाग दुप्पट करावा. ज्यांना रांगेत येणे शक्य नाही त्यांनी महिन्याची यादी पंचवीस तारखेपर्यंत द्यावी आणि एका गल्लीचे सामान एका घरी उतरवावे. प्रत्येक घरातील एका माणसाने महिन्यातून दोन तास भांडारात काम करावे, पिशव्या भराव्यात किंवा वही लिहावी. आणि उरलेला नफा खरेदीच्या प्रमाणात परत द्यावा, मग तो शेकडा एक का असेना.

समितीच्या एका सदस्याने निरोप पाठवला की साहेबांना कागदावर सोपे वाटते. खरे असेल. टिपण लिहिण्यात माझा हातखंडा आहे आणि त्याचा परिणाम मी एकदा पाहिला आहे. म्हणून या वेळी टिपणाखाली स्वतःचे नाव घातले आहे: पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी, चार ते सहा, तूरडाळ. तो तरुण अधिकारी म्हणतो, तोही एक शनिवार येऊन पाहील.

सभा येत्या रविवारी सकाळी अकरा वाजता आहे. गणपूर्तीसाठी चाळीस सभासद लागतात, गेल्या वर्षी तेवीस आले होते.